एका ब्रँडचा चेहरा असताना दुसरी जाहिरात घ्यायची आहे? सही करण्याआधी काय काय तपासावं

जाहिरात गाजली की कलाकाराचं नाव मागे पडतं आणि पात्राचं नाव पुढे येतं. सर्फच्या 'ललिताजी' म्हटलं की निळी-पांढरी साडी नेसलेली ती हिशेबी गृहिणी डोळ्यांसमोर येते. कविता चौधरी हे नाव आठवायला क्षणभर थांबावं लागतं. अशी ओळख मिळाली की पुढची कामं येऊ लागतात, आणि वाद नेमका तिथेच सुरू होतो. पहिला ब्रँड म्हणतो, हे पात्र आम्ही पैसे घालून उभं केलं. कलाकार म्हणतो, चेहरा माझा आहे, तो मी घरी ठेवून कामाला जाऊ शकत नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असतं, म्हणूनच ही भांडणं सहज मिटत नाहीत.

हा लेख मुंबईतल्या आरामनगरच्या ऑडिशनांच्या रांगेतून पहिली मोठी ॲड मिळवलेल्या नव्या कलाकारांसाठी आणि त्यांचं काम बघणाऱ्या कोऑर्डिनेटरसाठी आहे. वकील लागेलच. पण वकिलाकडे जाताना काय घेऊन जायचं आणि त्याच्याकडे जायची वेळच येऊ नये म्हणून आधी काय करायचं, हे स्वतःला ठाऊक असलं पाहिजे.

आधी एक खटला समजून घ्या

सोनीने २००९ मध्ये अमेरिकेत प्लेस्टेशन ३ या गेम कन्सोलच्या जाहिरातींसाठी केविन बटलर नावाचं पात्र तयार केलं. सुटाबुटातला, कमालीच्या आत्मविश्वासाने बोलणारा, कंपनीच्या कुठल्या तरी खात्याचा उपाध्यक्ष. दर जाहिरातीत खात्याचं नाव बदलायचं. भूमिका जेरी लॅम्बर्ट या अभिनेत्याने केली. पात्र इतकं लोकप्रिय झालं की २०१० च्या ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात सोनीने त्याला केविन बटलर म्हणूनच मंचावर आणलं.

२०१२ मध्ये लॅम्बर्ट ब्रिजस्टोन टायरच्या एका जाहिरातीत दिसला. तिथे तो ब्रिजस्टोनचा अभियंता होता, केविन बटलर हे नाव कुठेही नव्हतं. पण ती जाहिरात टायरसोबत निन्टेंडोचा 'वी' हा गेम कन्सोल देण्याच्या योजनेची होती आणि पडद्यावर 'वी'चा खेळ चालू होता. निन्टेंडो हा सोनीचा थेट प्रतिस्पर्धी. ११ सप्टेंबर २०१२ रोजी सोनीने कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयात दावा लावला. प्रतिवादी दोन होते: ब्रिजस्टोन आणि लॅम्बर्ट ज्या कंपनीमार्फत काम करायचा ती वाइल्डकॅट क्रीक. आरोप चार होते: ट्रेडमार्कच्या कायद्याखाली ग्राहकांची दिशाभूल, पात्राचा परस्पर वापर, कराराचा भंग आणि दुसऱ्याच्या करारात ढवळाढवळ. ब्रिजस्टोनचं उत्तर असं की आमच्या जाहिरातीत केविन बटलर नाहीच, अभियंत्याच्या भूमिकेत एक अभिनेता आहे. तरीही लॅम्बर्टचे प्रसंग काढून जाहिरात नव्याने कापली गेली. शेवटी तडजोड झाली आणि दोन वर्षं व्हिडिओ गेमशी संबंधित इतर जाहिरातींत न दिसण्याचं बंधन लॅम्बर्टला मान्य करावं लागलं.

यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. टायर आणि गेम कन्सोल हे स्पर्धक नाहीत. 'टायरची ॲड आहे, गेमची नाही' एवढाच विचार केला तर काम निर्धोक वाटतं. वाद पेटला तो फ्रेममध्ये असलेल्या दुसऱ्या वस्तूमुळे. पुढची तपासणी याच अनुभवावर बेतलेली आहे.

१. चेहरा, पात्र आणि फिल्म वेगळी काढा

जाहिरातीत या तीन गोष्टी एकत्र दिसतात, पण त्यांचे मालक वेगळे असू शकतात.

चेहरा, आवाज, नाव, सही, तुमची बोलण्याची मूळ ढब: हे तुमचं. भारतात यासाठी स्वतंत्र कायदा नाही. न्यायालयांनी निकालांतून हे हक्क बांधत आणले आहेत. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने टायटनच्या खटल्यात अमिताभ आणि जया बच्चन यांची तनिष्कची जाहिरात परस्पर वापरणाऱ्या सराफाला रोखलं. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने अनिल कपूर यांचं नाव, आवाज, छबी आणि त्यांच्या खास ढंगातलं 'झकास' यांना संरक्षण दिलं, तर २०२४ मध्ये जॅकी श्रॉफ यांच्या 'भिडू'बाबत. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल थांबवली.

पात्र, म्हणजे त्याचं नाव, ठरावीक पोशाख, घोषवाक्य, पार्श्वधून, हे बहुतेक वेळा ब्रँडचं. बरेच ब्रँड ही चिन्हं ट्रेडमार्क म्हणून नोंदवतात. नोंदणी नसली तरी 'आमच्या नावावर दुसऱ्याचा माल खपवला जातोय' असा दावा त्यांना लावता येतो.

फिल्मचा कॉपीराइट निर्मात्याकडे किंवा करारानुसार ब्रँडकडे असतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ आणि ३८अ खाली कलाकारालाही हक्क आहेत. मात्र फिल्ममध्ये सादरीकरण घ्यायला तुम्ही एकदा लेखी संमती दिलीत की, उलट काही लिहून घेतलेलं नसेल तर, निर्मात्याने ती फिल्म वापरण्याला हरकत घेता येत नाही.

चेहरा आणि पात्र यांच्या सीमेवर काय होतं, ते अमेरिकेतल्या 'चीअर्स' मालिकेच्या प्रकरणात दिसतं. मालिकेतल्या बारसारखे बार विमानतळांवर उघडले गेले आणि तिथे दोन पात्रांशी साम्य असलेले यंत्रमानव बसवले. मालिकेचे हक्क असलेल्या पॅरामाउंटची परवानगी होती. तरीही जॉर्ज वेंट आणि जॉन रॅट्झेनबर्गर या अभिनेत्यांनी दावा लावला, आणि १९९७ मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं की पात्र दुसऱ्याच्या मालकीचं असलं तरी अभिनेत्याचा स्वतःच्या चेहऱ्यावरचा हक्क त्यामुळे संपत नाही. तो निकाल आपल्या न्यायालयांना बंधनकारक नाही, पण युक्तिवाद तिथूनच उचलला जातो.

आता एक कागद घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे 'आधीपासून माझं', उजवीकडे 'या ॲडसाठी तयार झालेलं'. मिशी आधीपासून होती का? डोळा मिचकावण्याची सवय तुमची की दिग्दर्शकाची सूचना? घोषवाक्य कोणी लिहिलं? डावीकडच्या प्रत्येक नोंदीला पुरावा जोडा: मोहिमेच्या आधीचे ऑडिशनचे व्हिडिओ, एकांकिकेची ध्वनिचित्रफीत, जुना शोरील, तारखेसकट फोटो. 'ही लकब आमची' असा आरोप झाला तर एकांकिका स्पर्धेतली पाच वर्षांपूर्वीची चित्रफीत सगळ्यात जास्त कामी येते. हा कागद पहिल्या शूटच्या आठवड्यातच करा. दोन वर्षांनी आठवून लिहिलेल्या यादीला वजन राहत नाही.

२. करारातली ही कलमं शोधा

करार इंग्रजीत येतो, बऱ्याचदा शूटच्या आदल्या रात्री मेलवर, आणि मेकअपच्या खुर्चीत सही मागितली जाते. शेवटच्या पानावर सही करून परत देणं ही या धंद्यातली सगळ्यात महागडी सवय आहे. घाई असली तरी पुढचे मुद्दे वाचल्याशिवाय सही करू नका.

*एक्सक्लुझिव्हिटी आणि कॅटेगरी.* कोणत्या प्रकारच्या मालाच्या जाहिराती बंद, हे इथे ठरतं. 'खाद्यपदार्थ आणि पेये' असं लिहिलं असेल तर चहापासून लोणच्यापर्यंत आणि कोल्ड्रिंकपासून आइस्क्रीमपर्यंत सगळं गेलं. मानधन एका चहाचं आणि बंदी अख्ख्या किराण्यावर, असं होऊ देऊ नका. 'पाकीटबंद चहा' इतकं नेमकं लिहून मागा. त्याहून चांगलं म्हणजे प्रतिस्पर्धी ब्रँडची नावं परिशिष्टात यादी करून मागणं. यादी दिली की नंतर ती वाढवता येत नाही.

इथेच एक छुपा शब्द असतो: समूहातील कंपन्या. एकच उद्योगसमूह साबण, चहा, डिटर्जंट आणि क्रीम विकत असेल तर 'समूहातील कोणत्याही उत्पादनाचा स्पर्धक' या चार शब्दांनी तुमचं निम्मं काम थांबतं. तो शब्द काढून घ्या, नाहीतर त्याचे पैसे वेगळे मागा.

*'दिसणं' की 'प्रचार करणं'.* 'स्पर्धक ब्रँडचा प्रचार करणार नाही' आणि 'स्पर्धक ब्रँड असलेल्या कोणत्याही दृश्यात दिसणार नाही' यांत फार अंतर आहे. दुसऱ्या वाक्याने तुमची मालिका, वेबसिरीज, इन्स्टाग्रामवरची रील आणि मित्राच्या दुकानाच्या उद्घाटनाचा फोटोसुद्धा अडकतो. मालिका आणि चित्रपटातल्या भूमिकांना स्पष्ट सूट लिहून घ्या, कारण तिथे टेबलावर कोणती बाटली ठेवायची हे तुम्ही ठरवत नाही.

*पात्राचं कलम.* 'सदर पात्र किंवा त्याच्याशी मिळतंजुळतं कोणतंही पात्र साकारणार नाही' असं वाक्य असतं. 'मिळतंजुळतं' याचा अर्थ भांडणाच्या दिवशी ब्रँड त्याच्या सोयीने लावतो. म्हणून लक्षणं मोजून लिहा: अमुक नाव, अमुक गणवेश, अमुक वाक्य. आणि पुढे एक ओळ जोडून घ्या की कलाकाराचा नैसर्गिक चेहरा, आवाज, शरीरयष्टी आणि अभिनयशैली हा पात्राचा भाग समजला जाणार नाही. एवढ्या एका ओळीने निम्मी प्रकरणं कोर्टापर्यंत पोचायचीच नाहीत.

*प्रदेश आणि माध्यम.* पैसे महाराष्ट्रापुरते आणि बंदी जगभर, असं असता कामा नये. डिजिटलला सीमा नसते, हे ब्रँडचं म्हणणं खरं आहे. मग बंदी डिजिटलपुरती जगभर आणि टीव्हीपुरती त्या बाजारापुरती, अशी फोड करता येते.

*दंडाची रक्कम.* 'भंग झाल्यास मानधनाच्या तिप्पट' अशी वाक्यं येतात. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार अशी रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देतं. पण हे समजेपर्यंत तुमचं उरलेलं मानधन अडवलेलं असतं, म्हणून रक्कम आधीच कमी करून घ्या.

*कोणत्या देशाचा कायदा.* बहुराष्ट्रीय ब्रँडच्या करारात सिंगापूरचा किंवा इंग्लंडचा कायदा आणि तिथली लवादाची जागा असू शकते. भारतीय कायद्याचं जे कवच पुढे सांगितलं आहे, ते अशा वेळी सरळ हाती लागत नाही. काम मुंबईत, कलाकार मुंबईचा, तर कायदा भारताचा आणि न्यायालय मुंबईचं, हा आग्रह धरा.

३. मुदतीचा तक्ता करा

'एक वर्षाचा करार आहे' हे वाक्य अपुरं आहे. वर्ष कधीपासून मोजायचं? समजा सही १ मार्चला, शूट २० मार्चला आणि पहिलं प्रक्षेपण १० जूनला झालं. सहीपासून मोजलं तर तुम्ही पुढच्या फेब्रुवारीअखेर मोकळे. प्रक्षेपणापासून मोजलं तर ९ जूनपर्यंत बांधलेले, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त फरक, आणि त्याचे जादा पैसे नाहीत. वाईट प्रकार असा की प्रक्षेपण लांबतच जातं आणि मुदत सुरूच होत नाही. म्हणून लिहून घ्या: 'पहिलं प्रक्षेपण किंवा शूटनंतर ६० दिवस, यांतलं जे आधी होईल तिथून'.

नूतनीकरणाचं कलम वेगळं बघा. ब्रँडने नुसतं कळवलं की करार आपोआप वाढतो, की तुमची संमती आणि वाढीव मानधन लागतं? आणि मुदतीनंतर ॲड चालू राहिली तर? यूट्यूबवर जुनी फिल्म तशीच पडून राहते. 'नव्याने पैसे देऊन चालवणार नाही, जुनी पोस्ट मात्र राहील' अशी तडजोड बहुतेक वेळा मान्य होते.

हे सगळं एका वहीत किंवा शीटमध्ये ठेवा: ब्रँड, कॅटेगरी, सही, शूट, पहिलं प्रक्षेपण, मुदत संपण्याची तारीख, प्रदेश, माध्यम. ऑडिशनच्या ओळखीत 'या कॅटेगरीत दुसरी ॲड चालू आहे का?' असं कॅमेऱ्यासमोर विचारतात. तिथे अंदाजाने 'नाही' म्हटलेलं उत्तर रेकॉर्ड होतं आणि नंतर तुमच्याच विरोधात वापरलं जातं.

४. नव्या ॲडची तपासणी, फ्रेम फ्रेम

नवा ब्रँड कोणता, एवढं पाहून थांबू नका. स्क्रिप्ट आणि स्टोरीबोर्ड मागा आणि हे विचारा:

पडद्यावर मुख्य मालाशिवाय आणखी कोणता माल दिसतो? भेटवस्तू, बक्षीस, भागीदार ब्रँड, खाली झळकणारे लोगो? ब्रिजस्टोनच्या ॲडमधला 'वी' इथेच सापडला असता.

भूमिका कसली आहे? पहिल्या ॲडमध्ये तुम्ही आत्मविश्वासाने बोलणारे 'साहेब' असाल आणि नव्या ॲडमध्येही तसेच 'साहेब', तर नाव बदलून भागत नाही.

स्क्रिप्टमध्ये जुन्या पात्राला डोळा मारलाय का? एजन्सीतल्या लेखकांना हा मोह होतो: 'अहो, तुम्हीच ना ते...?' असं एखादं वाक्य. ते वाक्य म्हणजे तुम्ही जुन्या पात्राच्या ओळखीवर माल विकताय याची लेखी कबुली. काढायला लावा.

लुक टेस्टच्या दिवशी कपडे, चष्मा, केस, मिशी जुन्या फोटोशेजारी ठेवून पाहा. दोन फोटो शेजारी ठेवले की न्यायाधीशाला जे दिसेल तेच तुम्हालाही दिसतं. लुकचे फोटो जपून ठेवा. फरक मुद्दाम केला होता, हे त्यांतून सिद्ध होतं.

फक्त चेहरा झाकून भागतं, असंही समजू नका. अमेरिकेत सॅमसंगने एका जाहिरातीत सोनेरी केसांचा टोप आणि गाऊन घातलेला यंत्रमानव फिरत्या चाकासमोर उभा केला होता. टीव्हीवरच्या 'व्हील ऑफ फॉर्च्यून' या खेळात अशाच चाकासोबत दिसणाऱ्या व्हॅना व्हाइट यांचा चेहराही नव्हता, नावही नव्हतं. तरी ओळख पटते म्हणून ज्युरीने त्यांना ४,०३,००० डॉलर दिले. तिथे कलाकार जिंकली. पण 'सगळं मिळून ओळख कोणाची पटते?' हीच कसोटी उलट बाजूने तुमच्यावरही लागू शकते.

निभावून नेलेली उदाहरणंही आहेत. अभिनेता जस्टिन लाँग २००६ ते २००९ या काळात ॲपलच्या जाहिरातींत 'मॅक' संगणक म्हणून यायचा. २०२१ मध्ये तो संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेलच्या जाहिरातींत आला, आणि 'मी मॅक' न म्हणता 'मी जस्टिन' म्हणून, स्वतःच्या नावाने. व्हेरायझन या अमेरिकन मोबाइल कंपनीच्या जाहिरातींत 'आता ऐकू येतंय का?' विचारणारा पॉल मार्कारेली ती मोहीम संपून काही वर्षं लोटल्यावर, २०१६ मध्ये तिच्या स्पर्धक स्प्रिंटकडे गेला आणि आपण आधी व्हेरायझनमध्ये होतो हे त्याने जाहिरातीतच सांगून टाकलं. दोघांनी मध्ये काळ जाऊ दिला आणि माणूस कोण, पात्र कोण, यात गोंधळ ठेवला नाही.

५. शंका असेल तर लेखी विचारा

कॅटेगरी वेगळी आणि मुदत संपलेली असेल तर परवानगी मागू नका. नको तिथे मागितलेली परवानगी म्हणजे समोरच्याला हक्क असल्याची कबुली ठरते. पण मुदत चालू आहे आणि कॅटेगरीबद्दल खरी शंका आहे, तर एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, मागा.

मेलमध्ये एवढंच असावं: कराराची तारीख, नव्या ब्रँडची कॅटेगरी, शूटची अंदाजे तारीख, तुमच्या मते करारात आड येणारं काही नाही हे वाक्य, आणि सात कामकाजाच्या दिवसांत हरकत कळवण्याची विनंती. नव्या ब्रँडची स्क्रिप्ट जोडू नका. ती गोपनीय असते आणि तिथे दुसराच भंग होतो. मेल करारात लिहिलेल्या पत्त्यावरच पाठवा. एजन्सीतल्या ओळखीच्या मुलीने व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवला, ही परवानगी नव्हे. उत्तर आलं नाही तर गप्प राहणं म्हणजे होकार, असं धरू नका. करारात तसं लिहिलेलं असेल तरच.

६. नव्या ब्रँडपासून काही लपवू नका

नव्या करारात एक हमी असते: 'कलाकारावर अन्य कोणत्याही कराराचं बंधन नाही'. सोबत नुकसानभरपाईचं कलम. जुना करार चालू असताना इथे सही केलीत तर जुना ब्रँड एकीकडून आणि नवा दुसरीकडून, असे दोघं तुमच्यावर येतात. हमीत दुरुस्ती करा: 'परिशिष्टात दिलेल्या करारांव्यतिरिक्त'. जुन्या कराराच्या रकमा आणि गोपनीय तपशील न देता कॅटेगरी आणि मुदत तेवढी लिहा.

ब्रँडच्या बाजूने हा लेख वाचणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की दावा कलाकारावरच होतो असं नाही. ब्रिजस्टोन हा पहिला प्रतिवादी होता. कलाकार बांधलेला आहे हे माहीत असूनही त्याला घेणं म्हणजे दुसऱ्याचा करार मोडायला लावणं, आणि भारतातही त्यासाठी भरपाई मागता येते.

७. नोटीस आली तर पहिले दोन दिवस

पाकीट किंवा मेल कधी मिळालं त्याची नोंद करा. फोनवर, व्हॉट्सॲपवर, इन्स्टाग्रामवर उत्तर देऊ नका. 'चूक झाली, बघतो' एवढंही कबुली म्हणून वापरलं जातं. जुन्या पोस्ट घाबरून काढू नका, पुरावा नष्ट केल्याचा आरोप येतो. नव्या ब्रँडला लगेच लेखी कळवा. बहुतेक करारांत तसं बंधनच असतं.

मग वकिलामार्फत कॅव्हेट. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट दाखल केलं की तुम्हाला कळवल्याशिवाय एकतर्फी अंतरिम आदेश सहसा मिळत नाही. ते ९० दिवस चालतं, नंतर नव्याने दाखल करावं लागतं. समोरचा कुठे जाऊ शकतो ते पाहून प्रत्येक न्यायालयात वेगळं द्यावं लागतं, हे विसरलं जातं: शहर दिवाणी न्यायालय, उच्च न्यायालय, आणि करारात दिल्ली असेल तर दिल्लीतही.

उत्तर नोटिशीतल्या मुदतीत द्या, मुद्द्याला मुद्दा. सिंटाचे, म्हणजे सिने अँड टीव्ही आर्टिस्ट्स असोसिएशनचे सभासद असाल तर तिथेही अर्ज करा. पैशाची अडवणूक किंवा निर्मात्याशी बोलणी अशा बाबतींत संघटनेचा शब्द उपयोगी पडतो.

८. कोर्टात कशावर ठरतं

पहिली लढाई अंतरिम मनाईची असते आणि बहुतेक प्रकरणं तिथेच संपतात, कारण ॲडचं आयुष्य काही आठवड्यांचं असतं. न्यायालय तीन गोष्टी बघतं: प्रथमदर्शनी बाजू, कोणाची गैरसोय जास्त, आणि नुकसान पैशांनी भरून येण्यासारखं आहे का.

मुदत चालू असतानाचं आणि संपल्यानंतरचं बंधन, हा भेद सगळ्यात मोठा. मुदतीतलं 'करणार नाही' हे वचन विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ४२ खाली मनाई हुकमाने पाळायला लावता येतं. कोर्ट तुम्हाला जबरदस्तीने ब्रँडसाठी काम करायला लावणार नाही, पण स्पर्धकाकडे जाण्यापासून अडवू शकतं.

मुदतीनंतरचं बंधन मात्र करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. श्रीरामपूरच्या झहीर खानचा खटला इथे पाठ असावा. परसेप्ट डीमार्क या कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार होता. त्यात अट होती की मुदत संपल्यावरही दुसऱ्या कोणाचा प्रस्ताव घेण्याआधी परसेप्टला तेवढेच पैसे देऊन करार करण्याची संधी द्यायची. झहीर दुसरीकडे गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी त्याला अडवलं, खंडपीठाने तो आदेश रद्द केला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचं म्हणणं उचलून धरलं: मुदतीनंतर अशी अट राबवणं म्हणजे व्यवसायाला अटकाव. 'करार संपल्यावर दोन वर्षं स्पर्धकाची ॲड नाही' असं कलम दिसलं तर हा निकाल आठवा.

पण कलम २७ तुमचा चेहरा मोकळा करतं, पात्र नाही. मुदत संपल्यावरही जुना गणवेश, जुनं नाव, जुनं घोषवाक्य वापरलंत तर ट्रेडमार्क आणि कॉपीराइटचा दावा उभा राहतो, त्याला मुदत संपल्याचं उत्तर चालत नाही. आणि लॅम्बर्टचं दोन वर्षांचं बंधन तडजोडीतून आलं होतं, हेही पाहा. दाव्यात हरण्यापेक्षा तडजोडीत माणूस जास्त देऊन बसतो, म्हणून संमतीपत्राचा मसुदा मूळ कराराइतक्याच काळजीने वाचा.

असे दावे सहसा वाणिज्यिक ठरतात. तातडीची मनाई मागितलेली नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी बंधनकारक आहे. लेखी कैफियत ३० दिवसांत, आणि काही झालं तरी १२० दिवसांच्या आत द्यावी लागते. त्यानंतर ती दाखल करून घेतली जात नाही. करारात लवादाचं कलम असेल तर ब्रँड लवाद कायद्याच्या कलम ९ खाली मनाई मागू शकतो, पण आदेश मिळाल्यावर ९० दिवसांत त्याला लवाद सुरू करावा लागतो. तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा.

९. कागदपत्रांची फाइल

वकिलाच्या पहिल्या भेटीला हे सगळं एकत्र असावं:

– दोन्ही करार, सर्व पानांवर दोन्ही बाजूंच्या सह्या असलेले, परिशिष्टांसह. मुद्रांक शुल्क भरलंय का ते पाहा; नसेल तर शुल्क आणि दंड भरेपर्यंत करार पुराव्यात घेतला जात नाही
– रिलीज फॉर्म, कॉल शीट, मानधनाची बिलं, बँकेतल्या जमेच्या नोंदी
– मुदतीचा तक्ता आणि पहिल्या प्रक्षेपणाचा पुरावा
– दोन्ही ॲडच्या फिल्म आणि लुकचे फोटो, शेजारी शेजारी
– नव्या ॲडची स्क्रिप्ट, बदल सुचवलेले मेल
– दोन रकान्यांचा तो कागद, जोडलेल्या जुन्या चित्रफितींसह
– कोऑर्डिनेटर आणि एजन्सीशी झालेले व्हॉट्सॲप संवाद पूर्ण निर्यात करून. नुसते स्क्रीनशॉट नकोत. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत लागतं, म्हणून तो फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका

१०. आवाज आणि डिजिटल प्रतिकृती: एक कलम जास्तीचं

अलीकडच्या करारांत 'भविष्यात शोध लागेल अशा कोणत्याही तंत्रज्ञानाने छबी व आवाज वापरण्याचा हक्क' असं वाक्य येऊ लागलंय. यावर सही केली तर ब्रँड तुम्हाला न बोलावता तुमच्या चेहऱ्याने नवी जाहिरात करू शकतो, आणि पात्र त्याचंच असल्याने रोखायला तुमच्याकडे फारसं काही उरत नाही. वाक्य काढता आलं नाही तर निदान हे जोडून घ्या: प्रत्येक नव्या वापरासाठी वेगळी लेखी संमती, वेगळं मानधन, आणि मुदत संपल्यावर स्कॅन आणि आवाजाचे नमुने ३० दिवसांत पुसल्याचं लेखी पत्र. डबिंगच्या दिवशी 'फक्त नमुना म्हणून' जादा वाक्यं वाचून घेतली जात असतील तर ती कशासाठी, हे माइकसमोर उभं राहण्याआधी मेलवर विचारून घ्या.